मौनाला दोन गुण

तुम्ही लोकांनी तिची आई प्रश्नपत्रिकेत घातलीत. उतारा करून चौकटीत बसवलीत आणि खाली प्रश्न लावलात : 'गरिबी आणि विषमता यांबद्दल वाचकाचे मन वळवण्यासाठी लेखकाने कोणती साधने वापरली आहेत, ते स्पष्ट करा.' मग दार लावून, पंख्याखाली बसून आदर्श उत्तर तयार केलंत. त्यात मुद्दे पाडलेत आणि मुद्द्यांना गुण वाटलेत. अंधाऱ्या खोलीला एक. मुलीच्या फ्रॉकला लावलेल्या सेफ्टी पिनेला एक. वाचकाला थेट हाक मारली त्याला एक. आणि बाईच्या मौनाला दोन, कारण मौन हे म्हणे या उताऱ्यातलं सर्वांत प्रभावी साधन. ती गप्प होती हे तुम्हाला कुणी सांगितलं? तुमच्यापैकी एकानं तरी तिला बोलताना ऐकलं होतं का? निदान ती बोलते का, एवढी चौकशी तरी केली होती? की गरीब बाई म्हटल्यावर गप्पच असायची, असं तुमचं आधीच ठरलेलं होतं?

हे सगळं तिच्या मनात चाललेलं होतं, तोंडातून ब्र निघाला नव्हता. हातात लाल पेन होतं, समोर सुतळी सोडलेला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता आणि शेजारच्या बाकावर टिक्कोजी नावाचे सर होते. नाव सगळ्यांनी मिळून ठेवलेलं. बरोबरची खूण ते इतक्या झपाट्यानं करत की कागद फाटायचा, पण नजर काही कागदावर नसायची. "मॅडम, हा उतारा म्हणजे आपल्यावर उपकार आहेत बघा," ते खुणा करता करता म्हणाले. "पोरं घोकून येतात. अंधार, पिन, मौन, हाक. अंधार, पिन, मौन, हाक. वाचायचंच नाही, टिकटिक करत सुटायचं. चहाच्या आत अर्धा गठ्ठा उडवतो की नाही बघा." ती हसली. तीही तेच करत होती. त्यात तिला काही वाटेनासं होऊन बरीच वर्षं झाली होती. पाठ्यपुस्तकात हा उतारा आल्यापासून ती तो दरवर्षी शिकवत होती, आणि ही माझी आई, असं एकदाही वर्गात म्हणाली नव्हती. लाज वाटत होती म्हणून नव्हे. म्हटलं असतं तर पोरांनी वळून तिच्याकडे बघितलं असतं, आणि ज्या नजरेनं बघितलं असतं ती नजर त्याच उताऱ्यानं त्यांना शिकवलेली होती. त्यापेक्षा उतारा तो उतारा. लिहिलेला उत्तम होता, यात शंका नाही. 'ती बोलत नव्हती. दारिद्र्याने तिचे ओठ आतून शिवून टाकले होते. ती दिवसभर अनोळखी माणसांच्या सदऱ्यांना बटणे लावत होती, आणि तिच्या मुलीच्या फ्रॉकला सेफ्टी पिन होती. वाचका, आता तुझ्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणाला हात लाव.' हे वाक्य मोठ्यानं वाचलं की अख्ख्या वर्गाचे हात छातीशी जायचे. मागच्या बाकावरचे टवाळही चाचपायचे. वाचता वाचता तिचा हातही जायचा, आणि नेमका त्याच क्षणी तिला त्या लेखकाचा राग यायच्या ऐवजी हेवा वाटायचा.

तर त्या गठ्ठ्यात ती एक उत्तरपत्रिका निघाली. अक्षर उजवीकडे कललेलं, ओळी वर चढत गेलेल्या. मुलगा की मुलगी, कळायला मार्ग नाही. लिहिलं होतं : 'मला हा उतारा पटला नाही. लेखक त्या बाईच्या घरी पूर्ण दुपार बसले असे उताऱ्यात आहे. पूर्ण दुपार कोणी गप्प बसत नाही. माझी आई तर जेवतानासुद्धा गप्प बसत नाही. ती बाई काहीतरी म्हणाली असणार. लेखकाने ते लिहिलेले नाही. ती काय म्हणाली ते लिहिले असते तर मला पटले असते.' एवढंच. पुढं कोरी जागा. तिला आधी हसू आलं, अगदी पोटातून. आईनं हे ऐकलं असतं तर मांडीवर थाप मारली असती. मग हसता हसताच ती उत्तर आणायला आठवणीत आत गेली. आई काय म्हणाली होती ते तिला ठाऊकच होतं की. ती तिथं होती, दोन हातांच्या अंतरावर बसलेली होती. स्वयंपाकघरात अंधारातही मिठाची बरणी हाताला लागते, तसा तिनं मनात हात घातला. जागा होती. बरणी नव्हती.

तिनं पेन खाली ठेवलं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, हरवलेली किल्ली शोधताना आपण दारापासून पावलं मोजत येतो तशी. खोली. खोली अंधारी नव्हती, हे तर पहिलंच. काळ्या दोऱ्यानं काळ्या कापडावर बटण लावायचं तर उजेड लागतो. ती खोली आईनं खिडकीसाठीच घेतली होती, नळ लांब असूनही. खिडकीखाली शर्टांची गाठोडी, त्यावर ती स्वतः, हातात छोटी कात्री, आईनं लावलेल्या बटणामागचे दोरे कापत. शेजारी आई, पाठ भिंतीला, आणि गालात बटणं. हे कुठल्याच उताऱ्यात नाही. आई बटणं गालात ठेवायची. वाटीतून एकेक उचलायचं म्हणजे एक हात अडकतो, सुई थांबते. म्हणून मूठभर बटणं डाव्या गालात, जिभेच्या टोकानं एकेक पुढं यायचं, दातांत धरायचं, सुईवर घ्यायचं. शेजारणी म्हणायच्या, "खारूताई बसली बघा दाणे भरून." आणि तशा भरल्या गालानं आई बोलायची. अखंड बोलायची. बोलणं कसं, तर नळाखाली भांडी एकमेकांवर आपटतात तसं, घोळदार, बुडबुड्यांचं, मधेच बटणांचा कटकट आवाज. बाहेरच्याला एक अक्षर कळायचं नाही. माल न्यायला येणारा मुकादम खेकसायचा, "आधी तोंडातलं काढ आणि मग बोल!" दुकानदार, घरमालकीण, शाळेतल्या बाई, सगळे हेच म्हणायचे. फक्त तिला कळायचं. तिला तर ती आईची साधी बोलीच वाटायची. तोंड रिकामं करून आई बोलली की उलट ती दचकायची, काहीतरी गंभीर झालंय असं वाटायचं.

ते लेखक आले ती दुपार तिला चांगली आठवत होती. पांढरे कपडे, मऊ चपला, दाराशी त्या काढून ठेवायच्या की नाही या विचारात जरा अडखळलेले. आईनं त्यांना एकुलत्या एका स्टुलावर बसवलं, पुसून. संध्याकाळी मुकादम यायचा होता, म्हणून हात थांबवायची सोय नव्हती. त्यांनी काहीतरी विचारलं, फार हळू, आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसं. आणि आई बोलू लागली. आधी नेहमीसारखी, थट्टेच्या सुरात. मग सूर बदलला. आईचा हात हवेत थांबला होता, सुई धरलेला, तसाच. जेवणासाठी न थांबणारा हात. एकदा तिनं मनगटाच्या मागच्या बाजूनं डोळे पुसले, बोटांत सुई होती म्हणून. एकदा ती स्वतःशीच हसली आणि लेकीकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे तिच्याबद्दलच काहीतरी बोलली होती. दोरे कापायची कात्रीही थांबली होती, कारण आई जे सांगत होती ते घरात कधी कुणी बोललेलं नव्हतं. आणि ते पांढऱ्या कपड्यांचे गृहस्थ पुढं झुकून ऐकत होते. मान हलवत होते. "हं... हं... खरं आहे." तिनं मोठं माणूस आईसमोर असं मान हलवताना आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. ते गेल्यावर आईनं बटणं ओंजळीत काढली, तोंड पुसलं, आणि बराच वेळ रिकाम्या तोंडानं नुसती बसून राहिली. मग म्हणाली, "बरं वाटलं गं ठमे. कुणीतरी नीट ऐकून घेतलं."

हे वाक्य होतं. हे जसंच्या तसं होतं, त्यातला 'गं'सुद्धा होता. त्याच्या आधीचं काहीच नव्हतं. आई काय बोलली? स्वतःच्या आईबद्दल? सोडून गेलेल्या माणसाबद्दल, ज्याचं नाव घरात घ्यायचं नाही असं होतं? ठमीच्या आधी कुणी झालं होतं का, गेलं होतं का? तिनं डोळे मिटले आणि आईच्या तोंडाकडे बघत राहिली. तोंड हलेना. ओठ मिटलेले, आतून शिवलेले. खिडकीसुद्धा हळूहळू विझत चालली आणि खोली अंधारी होऊ लागली. तिला कळलं काय झालंय ते, आणि बाकाच्या लाकडाला तिनं घट्ट धरलं. तिनं तो उतारा इतक्या वेळा, इतक्या वर्गांत, इतक्या खणखणीत आवाजात वाचला होता की आईच्या आवाजाच्या जागी तिचाच वर्गातला आवाज येऊन बसला होता. लेखकानं पोरांची मनं वळवली असतील, नसतील. तिचं मन मात्र मुळापासून वळवलं होतं.

"काय हो मॅडम, पेन वाळलं का?" टिक्कोजींनी वाकून त्या कागदाकडे पाहिलं. "हे? यात शोधताय काय? शून्य. पुढं चला." तिनं समासात पूर्ण गुण दिले. मौनाचे दोन धरून. टिक्कोजींची खूण अर्ध्यावर थांबली. "अहो, नियामक बघतील ते." तपासलेले पेपर पुन्हा तपासायला बसलेले नियामक पलीकडच्या टेबलावर होते. गळ्यात चष्म्याची दोरी, बोलणं सौम्य, हिरवी शाई. त्यांनी बघितलंच. तिला बोलावून घेतलं, खुर्ची दिली, पाणी पुढं केलं.

"मॅडम, उत्तर मजेशीर आहे, कबूल. पण आदर्श उत्तरात यातला एक मुद्दा दाखवा मला."

"आदर्श उत्तर चुकलंय."

"बरं. कुठं?"

"ती गप्प नव्हती."

"कोण?"

"ती बाई."

"कुठली बाई?" त्यांनी खरोखरच आजूबाजूला पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते मनापासून हसले. "अहो, उताऱ्यातली बाई ती. उताऱ्यात जेवढी आहे तेवढीच. बाहेर ती काय बोलते, काय खाते, याच्याशी आपल्याला काय करायचंय? ती खरी असती तर गोष्ट वेगळी." हिरव्या शाईनं त्यांनी तिच्या आकड्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी गोल शून्य काढलं, सुबक, जरासुद्धा न हलता. वर म्हणाले, "तुमच्यासारख्या अनुभवी शिक्षकांनी भावनेच्या भरात जाऊ नये. बाकीच्यांनी काय करायचं मग?" ती खरी होती, असं सांगायला तिनं तोंड उघडलं. पण सांगून झालं असतं काय? त्यांनी पुढचं विचारलं असतं, अस्सं? काय म्हणाली होती मग? तेवढ्या एका प्रश्नाला ती घाबरली. त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याजवळ असतं तर ती टेबल उलथून टाकायला कमी करणारी नव्हती.

पण एकाजवळ होतं. ही गोष्ट तिला जिन्याशी पोचेपर्यंत सुचली नव्हती, आणि सुचली तेव्हा तिला इतकं हायसं वाटलं की ती पायरीवरच टेकली. कारण लेखकाचं पुस्तक आलं तेव्हा आईनं ते तिच्याकडून वाचून घेतलं होतं. शेवटपर्यंत ऐकून आईनं विचारलं होतं, "संपलं?"

"हो."

"आणि माझं बोलणं?"

"ते नाहीये यात."

आई जरा वेळ दोऱ्याचं टोक ओलं करत बसली. मग म्हणाली, "असेल त्यांच्यापाशी. मोठी माणसं सगळं एकदम काढत नाहीत. जपून ठेवलं असेल." आणि तो विषय तिच्यापुरता मिटला. त्यानंतर पुस्तक वाचून हळहळलेल्या कुणी कुणी जुन्या कपड्यांचं एक मोठं खोकं पाठवलं. चांगले, धुतलेले शर्ट होते. एकालाही बटण नव्हतं, देण्याआधी सगळ्यांनी कापून ठेवून घेतलेली. आई त्या दिवशी हसून हसून आडवी झाली. "ठमे, बघ गं, रडली माणसं बिचारी, पण बटणं काढून घ्यायला नाही विसरली!" लेखकाबद्दल मात्र तिनं कधी वाकडा शब्द काढला नाही. दवाखान्यात शेवटी शेवटी, शेजारच्या खाटेवरच्या बाईला ती सांगत होती, माझं सगळं एका शहाण्या माणसाला सांगून झालंय, माझं काही राहिलेलं नाही. गालात काही नव्हतं तेव्हा, तरी बोलणं तसंच घोळदार येत होतं. आयुष्यभराची सवय, ती कुठं जाते. त्या खाटेवरच्या बाईनं विचारलं होतं, "काय म्हणतेय तुमची आई?" आणि हिनं सांगितलं होतं.

लेखकांचा नंबर टिक्कोजींकडे मिळाला. त्यांनी एकदा त्यांना शाळेच्या बक्षीस समारंभाला बोलावलं होतं. "पण काय काढलंत हे मधेच?" ते म्हणाले, आणि तिचा चेहरा बघून पुढं काही न विचारता त्यांनी तिचा उरलेला गठ्ठा आपल्याकडे ओढून घेतला. तिनं पुन्हा पायरीवर येऊन बसून फोन लावला. खालच्या चौकात शिपाई रद्दीचे कागद पोत्यात दाबत होता. पलीकडे आवाज म्हातारा झालेला, पण तसाच हळू.

"बटणवाल्या बाई? अहो, काय बोलताय! त्यांची मुलगी? ती... फ्रॉकला पिन असलेली?"

"हो. तीच."

"त्या बाईंनी मला लेखक केलं हो. त्याआधी मी नुसता लिहीत होतो." म्हणणं खोटं नव्हतं. "अजून डोळ्यांपुढं आहे सगळं. ती अंधारी खोली. ते शिवलेले ओठ." म्हणजे त्यांनाही उताराच आठवत होता. ती शब्द निवडून निवडून बोलली, उसनं मागायला आल्यासारखी.

"मला फक्त एक पाहिजे होतं. आई त्या दुपारी पुष्कळ बोलली तुमच्याशी. ते तुमच्याकडे असेल. टिपणं म्हणा, आठवण म्हणा. पुस्तकात घातलं नाहीत त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मला ते हवंय. माझ्याकडे राहिलं नाही."

 पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. "बाई, तुम्हाला दुखवायचं नाही मला."

"दुखवा."

"त्या बोलत होत्या, बरोबर आहे तुमचं. पण त्यांच्या तोंडात काहीतरी होतं. मला... मला एक अक्षर कळलं नाही. पहिल्या वाक्यालाच थांबवायला हवं होतं, नाही थांबवलं. मग दुसऱ्याला कसं थांबवणार? त्या इतक्या मनापासून सांगत होत्या. मधेच 'काय म्हणालात' असं विचारणं, एवढ्या कष्टाळू बाईला, तोंडातलं काढा म्हणणं... फार उद्धटपणा वाटला हो मला तो. मान हलवत राहिलो. घरी आलो आणि लिहायला बसलो, तर लिहायला काय होतं? तेव्हा तिथं मौन घातलं. खोटं घालायचं नव्हतं मला. मला वाटलं, काहीच न घालणं हे त्यातल्या त्यात प्रामाणिक."

ती भिंतीला टेकली. मुकादमानं विचारलं होतं. घरमालकिणीनं विचारलं होतं. तोंडावर खेकसून, हाड्हूड करून का होईना, सगळ्या उद्धट माणसांनी विचारलं होतं, आणि आईनं दर वेळी बटणं ओंजळीत काढून पुन्हा सांगितलं होतं. ऐकून घेतलं नाही ते एवढ्या एका सभ्य माणसानं. आणि आई त्याच दुपारच्या भरवशावर उरलेलं सगळं आयुष्य जगली. माझं काही राहिलेलं नाही, म्हणाली. तिचं सगळंच राहिलं होतं. ते आता जगात कुठंच नव्हतं, हलणाऱ्या मानेत नव्हतं, पुस्तकात नव्हतं, आणि जिला ते शब्दन् शब्द कळलं होतं तिच्यातही नव्हतं. तिला मोठ्यानं रडू यायला हवं होतं, ते येईना. आलं ते दुसरंच.

"ऐकताय ना तुम्ही, बाई?" फोनमधला आवाज काकुळतीला आला. "मी तुमची क्षमा मागतो. पण तो उतारा वाचून माणसं रडली, एवढं तरी..."

"क्षमा राहू द्या. तुम्ही माझ्याकडे बघितलं होतंत त्या दिवशी?"

"बघितलं होतं ना. पिन..."

"पिन बघितलीत. तुमच्यापासून हातभर लांब बसले होते मी. आई काय बोलतेय ते मला सगळं कळत होतं, तुम्हाला कळत नव्हतं. तिला विचारायचा संकोच वाटला, समजू शकते. मी तर पोर होते. मला विचारायला कसला संकोच? नुसतं म्हणायचं, बाळ, आई काय म्हणतेय गं? मी घडाघडा सांगितलं असतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं असतं, आणि सांगितलं असतं म्हणजे आज मला आठवलंही असतं. मला का नाही विचारलंत?"

पलीकडे नुसता श्वास चालू होता.

"आता मान हलवू नका. मला ती दिसत नाही. बोला. मला का नाही विचारलंत?"